मूर्ती लहान, पण...

दिवाळीनंतर बहिणीकडे इंदूरला गेले होते. निघताना आमच्या ह्यांनी एक काम सोपवले. शेतावरची जुनी जीप थकली आहे. गेल्या पावसाळ्यात सासूबाईंना दवाखान्यात नेताना ती वाटेतच तासभर रुतून बसली. नवी कोणती घ्यावी, ते भाच्याला विचारून ये म्हणाले. स्वतःचे मत मात्र आधीच तयार, ''इंजिन दोड्डदे बेकु!''

भाचा पिथमपूरला नोकरी करतो. इंदूरजवळचे हे गाव म्हणजे गाड्यांची पंढरीच. वेगाच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा रस्ता तिथे जून २०२१ मध्ये सुरू झाला. आपल्याकडे वडापला धावणाऱ्या ट्रॅक्सही तिथल्याच फोर्स मोटर्सच्या.

भाचा म्हणाला, ''मावशी, मोठं इंजिन म्हणजेच ताकद, हे दिवस गेले. फोर्सचीच गुरखा बघ. २०२१ मध्ये तिच्या २.६ लिटर इंजिनाची ९१ अश्वशक्ती होती, २०२४ मध्ये तेवढ्याच आकारातून १४० काढली. थारचं २०१० चं अडीच लिटरचं इंजिन १०५ द्यायचं, २०२३ चं दीड लिटरचं ११७ देतं.''

ही किमया मुख्यतः टर्बोची. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरतो आणि इंजिनात जादा हवा कोंबतो. हवा वाढली की डिझेलही जास्त जाळता येते. फुंकणीने चूल पेटवलेल्या आम्हा बायकांना हे वेगळे काय शिकवायचे!

वजनाचेही तसेच. जुनी जिप्सी टनाच्या आतबाहेर, इंजिन १.३ लिटरचे, पण चिखलातून अलगद निघायची. जड गाडी आपल्याच भाराने रुतते.

''पण एक सांगतो,'' भाचा म्हणाला, ''टर्बोला दम भरायला क्षणभर लागतो, चढावर तो जाणवतो. आणि थारचं दीड लिटरचं इंजिन फोर बाय फोरमध्ये येत नाही. तुमची काळी माती चिकट. काकांना म्हणावं, आधी चारही चाकांची ओढ बघा, मग कमी वेगातला जोर आणि वजन. लिटर शेवटी.''

घरी येऊन सारे सांगितले. हे गप्प. धारवाडचे माहेर असलेल्या सासूबाई मात्र पटकन म्हणाल्या, ''मूर्ती चिक्कदादरू कीर्ती दोड्डदु!'' आपण मराठीत हेच तर म्हणतो.

जीप विकायला ह्यांनी अजून होकार दिलेला नाही. पण परवा कट्ट्यावर शेजाऱ्यांना टर्बो समजावून सांगत होते.