जुन्या खोकल्याआडचा क्षय

आपल्या नागपूरकडे छातीच्या प्रत्येक जुनाट विकाराला 'दमा' हे एकच नाव देऊन मोकळे होण्याची रीत आहे. आणि एकदा ते नाव एखाद्या माणसाला चिकटले की पुढे पंधरा-वीस वर्षे त्याच्या खोकल्याची चौकशी घरात कोणी करीत नाही. क्षयाला दडून बसावयास याहून सोयीची जागा नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिल्यास थुंकी तपासून घ्यावी, असे सरकारी फलक सांगतात. परंतु ज्याचा खोकलाच दहा वर्षांचा आहे, त्याने हे दोन आठवडे कोणत्या दिवसापासून मोजावेत?

बिडीच्या अथवा चुलीच्या धुराने ज्यांच्या श्वासनलिका जर्जर झाल्या आहेत आणि धाप आवरण्यासाठी वारंवार घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ज्यांची प्रतिकारशक्ती मंदावली आहे, त्यांना क्षयाचा धोका इतरांहून अधिक असतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. परंतु त्यांच्याहूनही बिकट अवस्था दगडाच्या धुळीत आयुष्य वेचलेल्या कामगाराची आहे, आणि त्याला शोधण्यासाठी आपल्याला जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. मनसर, कांद्री, गुमगाव येथे मँगनीज निघते, आणि या धातुकाच्या सोबतीने आढळणाऱ्या ज्या खडकाला फर्मर या भूशास्त्रज्ञाने गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले, त्यात गारगोटीचा, म्हणजे सिलिकाचा, अंश विपुल असतो. कामठी-सिल्लेवाड्याकडच्या कोळसाखाणींतही छताच्या वालुकाश्मात छिद्रे पाडताना तीच धूळ उडते. फुप्फुसातील ज्या भक्षक पेशींनी क्षयाचे जंतू गिळून निकामी करावयाचे, त्याच पेशी गारगोटीचा सूक्ष्म कण गिळून स्वतः नष्ट होतात, आणि जंतूंना मोकळे रान मिळते. कामगार खाणीतून निवृत्त होतो, पण धूळ त्याच्या छातीतून निवृत्त होत नाही. सबब हा धोका त्याला जन्मभर पुरतो.

कायद्याच्या दृष्टीने पाहता क्षय आणि या धुळीने फुप्फुसाला जडणारा सिलिकोसिस या दोन्ही व्याधींची दखल घेतलेली आहे. 1952 च्या खाण अधिनियमाने सिलिकोसिसची वर्दी देणे बंधनकारक केले, आणि 2012 पासून क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणेही बंधनकारक आहे. तथापि पहिली वर्दी खाण-सुरक्षेच्या दप्तरात जाते, दुसरी आरोग्यखात्याच्या. आणि माणूस एकच असला तरी ही दोन दप्तरे एकमेकांस ओळखत नाहीत, ही माझी मुख्य तक्रार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्या, तसेच पूर्वी केलेल्या, कामगारांची क्षयासाठी नियमित तपासणी करावी असे सांगितले. त्याच वर्षीच्या आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत सिलिकोसिसग्रस्तांना प्रतिबंधक औषध देण्याची तजवीजही आहे. मग अडते कोठे? मँगनीज आणि कोळसा या दोहोंच्या मोठ्या सरकारी कंपन्यांच्या मुख्य कचेऱ्या नागपुरात आहेत. खाणकामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्थाही याच शहरात नांदली. येथे दोन दप्तरांची गाठ पडत नसेल तर ती अन्यत्र पडण्याची आशा व्यर्थ आहे. खाणींनी निवृत्त कामगारांची यादी क्षयविभागाच्या स्वाधीन करावी, आणि ठेकेदाराच्या हजेरीपटावर जे काही महिनेच राहिले आणि पुढे कोणत्याही दप्तरात उरले नाहीत, त्यांची नावे त्या यादीत सर्वांत आधी यावीत. क्षयाच्या रुग्णाला वय-वजन विचारताना, पूर्वी कोणत्या कामावर होता, हेही विचारले जावे.

हे होईतो घरच्यांनी वाट पाहू नये. दमेकऱ्याची भूक मंदावली, सदरा सैल पडू लागला, संध्याकाळी कणकण वाटू लागली, अथवा कफात रक्ताची रेघ दिसली, तर ते दोन आठवडे त्याच दिवशी पुरे झाले असे समजावे आणि पंपाची नवी चिठ्ठी लिहून घेण्याआधी थुंकीची डबी सरकारी दवाखान्यात न्यावी. तेथे तपासणीला पैसा पडत नाही आणि क्षय निघाल्यास औषधालाही नाही.