विकतचं दुखणं

सुट्टीवर घरी गेलात की आईबाबांना ‘फुल बॉडी’ तपासणीचं पॅकेज भेट देता ना? मुसफ्फ्यातले आपण हल्ली ते स्वतःलाही देतो. चाळिशी आली, वर्षभर ओव्हरटाइम केला, एकदा डोक्यापासून पायापर्यंत स्कॅन होऊन जाऊ दे! माझं म्हणणं सरळ आहे: काहीही तक्रार नसेल तर हा स्कॅन करू नका.

मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचं बघा. रॉटरडॅममध्ये २००० सर्वसाधारण माणसांचा एमआरआय केला. २००७ साली निष्कर्ष छापून आले: १.८ टक्के लोकांच्या धमनीवर फुगवटा होता, म्हणजे ॲन्युरिझम. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हा फुगवटा फुटला तर जिवावर बेततं, हे खरंच. पण फुटतो किती? २००३ च्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, आधी रक्तस्राव न झालेल्यांमधले, मेंदूच्या पुढच्या रक्तपुरवठ्यावरचे ७ मिलिमीटरहून लहान फुगवटे पाच वर्षांत एकही फुटला नाही. मागच्या बाजूच्यांचा धोका जास्त होता, तोही अडीच टक्के. उलट कवटी उघडून शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी सुमारे बारा टक्के वर्षभरात दगावले किंवा अधू झाले. आज तंत्र सुधारलंय, पण धोका शून्य झालेला नाही.

‘लवकर कळलं तर बरंच की!’ असं तुम्ही म्हणाल. कळल्यावर काय करायचं ते आधी ठरलेलं असेल, तर बरंच. ब्रिटनमध्ये पुरुषांना ६५ व्या वर्षी पोटातल्या महाधमनीच्या सोनोग्राफीला बोलावतात. फुगवटा ५.५ सेंटिमीटरहून लहान असेल तर सहसा नुसती नजर ठेवतात. तिथे उत्तर तयार ठेवून तपासणी करतात. पॅकेजवाला तपासणी विकतो आणि उत्तर शोधायला तुम्हाला वाऱ्यावर सोडतो.

आता तो कागद मुसफ्फ्यातल्या एखाद्या क्रेन ऑपरेटरच्या हातात ठेवा. ‘३ मिलिमीटर ॲन्युरिझम, तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.’ उद्या कंपनी त्याला क्रेनवर बसू देईल? अबू धाबीत २००५ च्या कायद्याने आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण आपला विमा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की विमा जातो. फुगवटा तेवढा विमानातून सोबत येतो. त्यानंतर गावी जमीन गहाण पडणार, ती रोगापायी की त्या कागदापायी?

जवळच्या दोन रक्ताच्या नातेवाइकांना ॲन्युरिझम असेल, किंवा घरात पॉलिसिस्टिक किडनीचा आजार असेल, तर डॉक्टरांना विचारून तपासणी जरूर करा. अचानक, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी झाली तर तडक इमर्जन्सी गाठा. बाकीच्यांनी पॅकेजच्या पैशातून रक्तदाब मोजायचं यंत्र घ्यावं आणि सिगारेट सोडावी. धमनीचं त्यात जास्त भलं आहे.

आणि कुणी स्कॅन सुचवलाच, तर आधी विचारा: यात भलतंच काही दिसलं तर पुढे काय करणार, आणि त्याचे पैसे कोण भरणार? उत्तर मिळत नसेल तर मशीनमध्ये झोपू नका.