वाळवंट ओसाड नसते

जैसलमेरजवळच्या सम आणि रामदेवरा येथील प्रजनन केंद्रांत माळढोकाची पिल्ले वाढत आहेत. रानातून उचललेली अंडी यंत्रात उबवून २०१९ मध्ये हे काम सुरू झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. जगात जेमतेम दीडशेच्या आसपास माळढोक उरले असताना ही बातमी आनंदाची आहे. मात्र पिंजऱ्यातली संख्या वाढली म्हणजे पक्षी वाचला, असे होत नाही. ही पिल्ले मोठी झाल्यावर सोडायची कुठे, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर प्रयोगशाळेत नाही. ते थरच्या जमिनीवर आहे.

राजस्थानात ‘गोडावण’ म्हणून ओळखला जाणारा हा तिथला राज्यपक्षी. उडणाऱ्या पक्ष्यांत तो सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. मोठा नर बारा-पंधरा किलोंपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. म्हणजे एक मादी मेली, तर ती उणीव भरून निघायला वर्षे लागतात. त्यात त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने समोरचे नीट दिसत नाही. विजेची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो आणि एवढे जड शरीर ऐन वेळी वळवता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थरमधील ४,२०० चौरस किलोमीटर परिसरात वीजतारांमुळे दरवर्षी सर्व जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी मरतात.

या तारा आल्या त्या सौर आणि पवनऊर्जेसाठी. कोळसा जाळणे कमी करायचे तर ही ऊर्जा हवीच, याबद्दल वाद नाही. सर्वोच्च न्यायालयासमोरही हाच पेच आला. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या अधिवासातील तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्यास सांगितले. हा आदेश सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्राला लागू होता. उच्च दाबाच्या लांब वाहिन्या सरसकट जमिनीखालून नेणे व्यवहार्य नाही, असे सरकारचे म्हणणे होते. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश मागे घेऊन प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपवला.

पण सारी चर्चा तारांभोवतीच फिरत राहिली, तर मूळ दुखणे बाजूला पडते. ते दुखणे एका शब्दात आहे: ‘पडीक’. सरकारी नोंदींत झुडपी माळ आणि वाळूचे प्रदेश पडीक जमिनीत मोजले जातात. पडीक म्हटले की ती जागा कशालाही देता येते. प्रत्यक्षात हे माळ रिकामे नसतात. जैसलमेरला वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस पडत नाही, तरी तिथे सेवण गवत टिकते. उन्हाळ्यात वरून वाळलेले दिसणारे हे गवत खाली मुळाशी जिवंत असते आणि पहिल्या सरीबरोबर फुटते. त्याची मुळे वाळू धरून ठेवतात, थारपारकर गाईंना चारा त्यातूनच मिळतो. सांडा, वाळवंटी कोल्हा, चिंकारा आणि माळढोक यांचे घर तेच. ते नांगरून काढायला एक हंगाम पुरतो, पुन्हा उभे राहायला मात्र फार काळ लागतो.

चांगल्या हेतूनेही इथे नुकसान झाले आहे. वाळवंट हिरवे करण्यासाठी विलायती बाभूळ आणली गेली आणि तिने मोकळे माळ गिळले. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आले तिथे गवताळ जमिनी शेताखाली गेल्या. गावांभोवती मोकाट कुत्री वाढली आणि जमिनीवरची अंडी त्यांच्या तोंडी पडू लागली. झाड लावणे म्हणजे निसर्ग वाचवणे, ही समजूत गवताळ प्रदेशात चुकीची ठरते. इथे कित्येकदा झाड न लावणे हेच संवर्धन असते.

थरच्या लोकांना हे नवे नाही. देवाच्या नावाने राखलेली ‘ओरण’ ही त्यांची जुनी व्यवस्था. तिथे गुरे चरतात, पण झाड तोडायचे नाही आणि जमीन नांगरायची नाही, असा दंडक असतो. अनेक ओरणांची सरकारदरबारी तशी नोंदच नाही, त्यामुळे ती सहज प्रकल्पांना दिली जाऊ शकतात. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील अशा देवरायांचे सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करण्यास सांगितले. हे काम तातडीने व्हायला हवे. मात्र वन ठरल्यावर गुराख्यालाच बाहेर काढले, तर राखणदारच जाईल.

माळढोक महाराष्ट्राला परका नाही. सोलापूरजवळच्या नान्नजमध्ये १९७९ मध्ये त्याच्यासाठी अभयारण्य झाले. कागदावर ते सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आले. लोकांना जाच झाला, पुढे क्षेत्र मोठ्या प्रमाणात घटवले गेले आणि दरम्यान माळ तुकड्यातुकड्यांनी संपत गेले. आज तिथे माळढोक दिसणे जवळपास थांबले आहे. कागदावरच्या मोठ्या सीमेपेक्षा खरोखर राखलेले छोटे माळ अधिक मोलाचे, हा धडा थरला सोलापूरकडून घेता येईल.

म्हणून क्रम बदलायला हवा. आधी माळढोकाचे उरलेले माळ आणि ओरण नकाशावर निश्चित करावेत, तिथल्या तारा जमिनीखाली न्याव्यात, आणि मग उरलेल्या जागेत सौर प्रकल्पांची आखणी व्हावी. छपरे, कालव्यांवरची जागा, आधीच खराब झालेली जमीन यांचा विचार प्रथम व्हावा. आणि सरकारी कागदांतून गवताळ माळांपुढचा ‘पडीक’ हा शेरा पुसला जावा. त्याला कृत्रिम रेतनाइतके कौशल्य लागत नाही. पण तो पुसला गेला नाही, तर समच्या केंद्रातली पिल्ले जन्मभर केंद्रातच राहतील.