न लिहिलेला ब्रेक

परवा बडोद्यात एका लग्नात नातवाच्या वयाचा मुलगा मला म्हणाला, "आजोबा, प्रोग्रॅम एरर न देता कंपाइल झाला की सुटलो!" मला काही ते पटलं नाही. का, ते सांगतो.

१९९७ साली मी बँकेच्या संगणक विभागात होतो. मूळचा बी.कॉम., लेजर-डेबुकवाला. व्याजाचे प्रोग्रॅम प्रो-सीमध्ये होते. म्हणजे सी भाषेतच मधेमधे एसक्यूएल लिहायचं. प्रीकंपायलर आधी त्याचं साधं सी करतो, मग नेहमीचा कंपायलर येतो.

एक दिवस कंपायलर अडला, 'ब्रेक लूपच्या बाहेर आहे.' गुजराती सहकारी वैतागला, "साहेब, में ब्रेक लख्युं ज नथी!" खरंच नव्हता. शेवटी प्रीकंपायलरने तयार केलेली फाइल उघडली, तर क्वेरीखाली त्यानेच ब्रेक घातलेला! कारण बरंच वर, दुसऱ्याच फंक्शनमध्ये होतं: 'व्हेनेव्हर नॉट फाउंड डू ब्रेक'. म्हणजे नोंद मिळाली नाही तर लूपमधून बाहेर पड. प्रीकंपायलर फाइल वरून खाली वाचत जातो. फंक्शन संपलं तरी नवी सूचना येईपर्यंत जुनीच लागू. बँकेतली स्टँडिंग इन्स्ट्रक्शनच म्हणा ना, रद्द करेपर्यंत चालू! लूपखाली 'व्हेनेव्हर नॉट फाउंड कंटिन्यू' लिहिलं आणि क्वेरीनंतर एसक्यूएलकोड तपासायला लावला. नाहीतर नोंद नसताना आधीच्या खात्याचाच व्याजदर पुढच्याला लागायचा.

पण मनात शंका राहिली. हाच ब्रेक लूपच्या आत पडला असता तर? कंपायलर गप्पच बसला असता. जुन्या फाइली काढल्या, आणि एकीत तेच निघालं. एका खात्याची नोंद नव्हती, तिथेच लूप संपला. पुढच्या खात्यांना, त्यात काही पेन्शनरांनाही, व्याजच पडलं नव्हतं. पडद्यावर एरर नाही. नंतर आम्ही ते जमा केलं.

म्हणून माझं मत ठाम आहे. कंपाइल होणं म्हणजे फक्त व्याकरण बरोबर असणं. हिशेब बरोबर आहे की नाही, ते टॅली केल्यावरच कळतं. किती खाती आत गेली, किती बाहेर आली, हे मोजल्याशिवाय सही करू नये. आज आपल्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी आयटीत आहे. त्यांना एवढं जरूर सांगा.

तुमच्याकडेही अशा आठवणी असतील, तर लिहा.