अंगकाठी आणि नेम

अमेरिकेतल्या कॉलेजी बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणजे संघाचा कारभारी. चेंडू पुढे न्यायचा, डाव मांडायचा. त्याला पारखणारी मंडळी उंची मोजतात, उडी मोजतात. आपल्याकडे नवरा मुलगाही इतका पारखला जात नसेल!

२००९ सालचे दोन गार्ड पाहा. सिरॅक्यूजचा जॉनी फ्लिन बळकट नि चपळ. सहा जादा डाव चाललेल्या एका सामन्यात तो ६७ मिनिटे खेळला. लहानशा डेव्हिडसन कॉलेजचा स्टीफन करी अंगाने किरकोळ. त्या हंगामात सामन्यामागे सरासरी गुण देशात सर्वांत जास्त त्याचे; तरी व्यावसायिक संघांच्या निवडीत फ्लिन सहावा, करी सातवा. पुढे फ्लिनच्या खुब्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तीन हंगामांतच एनबीएतला त्याचा खेळ संपला. करी २०१५ व २०१६ साली तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

निवडणारे काही मूर्ख नव्हते. चेंडू हाती येतो न येतो तोच साधणारा करीचा नेम सर्वांना दिसत होता. पण अंगकाठीच्या रकान्यापुढे त्याला मोल कमी मिळाले.

तेव्हा वाचकहो, घरातल्या पोराला काय येते ते आधी पाहावे. काय येत नाही, ते सांगायला शेजारी आहेतच!