देखणा साप आणि डुलती मान

वणीहून एका वाचकाचे पत्र आले आहे. पुण्यात शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्याने 'बॉल पायथन' जातीचा, अंगावर जाळीदार नक्षी असलेला लहान अजगर पाळला आहे. त्याची मान सारखी थरथरते, कधी उलटी वळते, आणि समोर धरलेला उंदीर पकडताना त्याचा नेम चुकतो. "सापालाही कंपवात होतो काय?" असे ते विचारतात.

आपल्या जिल्ह्यात आरोग्याच्या सदरात साप येतो तो पेरणीच्या दिवसांत, नाग-मण्यार-घोणसाच्या दंशाबरोबर. शिवाय मी माणसांचा डॉक्टर, जनावरांचा नव्हे. तरीही हा प्रश्न बाजूला ठेवावासा वाटला नाही, कारण आनुवंशिक आजार म्हणजे काय हे त्यातून फार स्पष्ट दिसते.

बॉल पायथन हा पश्चिम आफ्रिकेतला, घाना-टोगो-बेनिनकडचा बिनविषारी साप. घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, म्हणून हे नाव. शांत असल्याने परदेशात तो लोकप्रिय झाला आणि रंग-नक्षीसाठी त्याची पैदास सुरू झाली. १९९९ मध्ये अमेरिकेतील एका व्यावसायिकाकडे आफ्रिकेतून कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी असलेला एक साप आला. त्याला 'स्पायडर' नाव पडले. आज विकले जाणारे स्पायडर त्याच्याच वंशावळीतले मानले जातात. नक्षीबरोबर पिढ्यान्‌पिढ्या आणखी एक गोष्ट उतरली, ती म्हणजे ही डुलती मान. कोणात थोडी, कोणात इतकी की साप पालथा केला तर सरळ होऊ शकत नाही.

हा कंपवात नव्हे. सापाला कान नसतात असे आपण म्हणतो, पण नसतो तो बाहेरचा कान. तोल सांभाळणारा आतला कान माणसाप्रमाणे सापालाही असतो. जर्मनीतील संशोधकांनी स्पायडर सापांच्या डोक्यांचे सूक्ष्म सीटी स्कॅन केले व २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिका आणि तोलाची पिशवी जन्मतःच वेडीवाकडी घडलेली आढळली. माणसाला भोवळीचा विकार होतो तेव्हा खोली फिरल्यासारखी वाटते. या सापाला वर कुठे आणि खाली कुठे याचाच नीट पत्ता लागत नाही.

नक्षीचा कानाशी काय संबंध, असे कोणी विचारील. गर्भात त्वचेला रंग देणाऱ्या पेशी ज्या मूळ पेशीसमूहातून निघतात, त्याचाच आतल्या कानाच्या घडणीतही वाटा असतो. निळ्या डोळ्यांची पांढरी मांजरे बहुधा बहिरी असतात हे डार्विनने १८५९ सालीच नोंदवले होते. ठिपकेवाल्या डाल्मेशियन कुत्र्यांतही एका किंवा दोन्ही कानांचे बहिरेपण बरेच आढळते.

आपल्या भागात सिकलसेलमुळे आनुवंशिकता लोकांना थोडी ठाऊक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक. स्पायडरचे तसे नाही. एकाच पालकाकडून गुण आला तरी नक्षी उमटते, म्हणजे सुमारे निम्मी पिल्ले नक्षीची आणि तीच दोषाची. चांगली निवड करून दोष काढून टाकू, असे विकणारे सांगतात. वीस-पंचवीस वर्षांत ते जमलेले नाही, कारण नक्षी आणि दोष वेगळे करता आलेले नाहीत. "तो खातो, पितो, अंडी घालतो, मग बिघडले काय?" हा त्यांचा दुसरा युक्तिवाद. मला तो पटत नाही. जुनाट भोवळीचा रुग्णही जेवतो आणि संसार करतो. सिकलसेल कोणी हौसेने निवडलेला नाही. इथे मात्र दोष डोळ्यांसमोर असताना दाम मोजून जोड्या लावल्या जातात. ब्रिटनमधील इंटरनॅशनल हर्पेटोलॉजिकल सोसायटीने २०१८ मध्ये आपल्या मेळाव्यांत स्पायडरची विक्री बंद केली, ते योग्यच झाले.

हे खूळ दूर परदेशातले, असेही म्हणता येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले.

आता पुतण्याविषयी. प्रत्येक डुलणारी मान जन्मजातच असते असे नाही. विषाणूजन्य आजार, पेटीतली जास्त उष्णता किंवा गोचिडांसाठी मारलेले औषध यांनीही असे होते. (कीटकनाशक मज्जातंतूंचे काय करते, हे २०१७ चा फवारणीचा हंगाम पाहिलेल्या यवतमाळकरांना सांगायला नको.) म्हणून आधी पशुवैद्यकाला दाखवावे. दोष जन्मजात ठरला तर औषध नाही. सापाला कमी हाताळावे, गडबडीपासून दूर ठेवावे, चढायला उंच फांद्या ठेवू नयेत. जोडी लावू नये. कंटाळा आला म्हणून टिपेश्वरच्या जंगलात तर मुळीच सोडू नये. बॉल पायथन आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत येतो व २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंद बंधनकारक आहे. नाग, धामण, आपला अजगर हे तर घरी ठेवणेच गुन्हा.

ही हौस नवी नाही. आपल्या देशात लोटण कबुतरांचा षौक अकबराच्या काळापासून आहे. आईन-ए-अकबरीत त्यांचे वर्णन आहे. पक्ष्याला हलवून जमिनीवर ठेवले की तो कोलांट्या खात सुटतो आणि लोक टाळ्या वाजवतात. उचलून शांत केले नाही तर मरेपर्यंत लोळत राहतो, असे डार्विनने १८६८ च्या ग्रंथात लिहिले. तेही मज्जासंस्थेचे आनुवंशिक वैगुण्यच, करमणूक म्हणून जपलेले.

हल्ली यवतमाळात चपट्या नाकाचे पग जातीचे कुत्रे बरेच दिसतात. उन्हाळ्यात त्यांची धाप ऐकवत नाही. पिल्लू घेणार असाल तर किंमत ठरवण्याआधी त्याचे आई-वडील दाखवायला सांगा, आणि ते चालताना, पळताना, झोपताना श्वास कसा घेतात ते पाहा. विकणारा दाखवायला तयार नसेल तर तिथे पिल्लू घेऊ नका.