वळणावरचा खडखडाट
कांद्याच्या गोण्यांनी भरलेली पिकअप सरळ रस्त्यावर निमूट चालते आणि बाजार समितीच्या फाटकातून आत वळताच तिच्या पुढील चाकाशी ‘कट्’ असा आवाज उमटतो, तेव्हा त्याचे उगमस्थान निश्चित केल्यावाचून सुटे भाग बदलण्याचा हुकूम देणे हा मालकाच्या पैशाचा निव्वळ अपव्यय होय, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी सपाट जागी उभी करून एकाने स्टिअरिंग सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे आणि दुसऱ्याने, बोटे सांध्यात सापडणार नाहीत अशा बेताने, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, स्टॅबिलायझर लिंक यांवर क्रमाक्रमाने तळहात ठेवावा, म्हणजे सदोष भागाचा हादरा कानाआधी हातालाच कळतो. मग चाक जॅकवर उचलून, स्टँडचा भक्कम आधार देऊन, वर-खाली धरून हलविले असता ढिलाई जाणवली तर ब्रेक दाबून पुन्हा हलवावे. ती नाहीशी झाल्यास दोष बेअरिंगचा, कायम राहिल्यास बहुधा बॉल जॉइंटचा. मागील पाट्यांचे यू-बोल्टही पाहावेत, कारण आवाज चॅसिसमधून फिरतो. रबरी बुशवर ऑइल ओतून आवाज दडपण्याची जी वहिवाट पडली आहे ती सर्वस्वी त्याज्य आहे, कारण खनिज तेलाने रबर फुगून निकामी होते. नव्या बुशचा बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यानंतरच अखेरचा आवळावा, नाहीतर रबराला कायमचा पीळ पडतो. बॉल जॉइंट खिळखिळा ठरला तर मात्र भाड्याची फेरी खुशाल रद्द करा. तो निखळला की चाक जागीच कोलमडते.